घरफोड्याचा सातबारा

१७८२ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉल परगण्यात एका तरुण शेतमजुरावर खटला चालला. त्यानं एका घरात शिरून चांदीची दोन घड्याळं चोरली, असा आरोप होता. मजुराचं नाव जेम्स रूस. वय बावीस-तेवीस. जन्म लॉन्सेस्टन गावचा, १७५९ चा, आणि हातांना सवय मातीची.

साधी चोरी आणि घरफोडी यांत इंग्लंडच्या कायद्यानं तेव्हा जमीन-अस्मानाचा फरक केला होता. माणूस आपल्या घरात निजलेला असताना त्याचं घर फोडणं हा देहान्ताचा गुन्हा होता. त्या काळात दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी सांगितलेली होती आणि त्यांतले बहुतेक गुन्हे मालमत्तेचे होते. ज्यांच्याकडे मालमत्ता होती त्यांनीच कायदे केले होते, एवढं म्हटलं की बाकीचं सगळं समजतं. पण न्यायाधीशांनाही रोज इतक्या माना लटकवणं झेपत नसे. त्यामुळे फाशीच्या गुन्ह्याला प्रत्यक्षात दुसरी शिक्षा देण्याची वाट पडलेली होती. आपण जिला काळं पाणी म्हणतो, तीच ही वाट. रूसला सात वर्षं समुद्रापार धाडण्याची शिक्षा झाली. ठिकाण लिहिलं होतं आफ्रिका.

आफ्रिका का, तर अमेरिका हातची गेली होती. तोवर इंग्लंड आपले कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवत असे. सुमारे पन्नास हजार माणसं अशी तिकडे गेली. १७७५ मध्ये तिथं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. तुरुंग तर भरतच चालले. मग सरकारनं तात्पुरता उपाय काढला. डोलकाठ्या उतरवलेली, समुद्रावर जायला निकामी झालेली जुनी गलबतं बंदरात नांगरायची आणि त्यांच्या पोटात कैदी कोंडायचे. प्लिमथच्या बंदरात ‘डंकर्क’ नावाचं असं एक गलबत होतं. रूस त्यावर चढला आणि पाच वर्षं तिथंच राहिला. पश्चिम आफ्रिकेला धाडलेल्या कैद्यांचे तापानं आणि उपासमारीनं इतके हाल झाले, की ती योजना बारगळली. सात वर्षांच्या शिक्षेतली पाच वर्षं अशी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, ओल्या लाकडाच्या कुबट अंधारात संपली. समुद्रापारची शिक्षा अजून सुरूच झाली नव्हती.

१३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून अकरा जहाजं निघाली. त्यांच्यावर साडेसातशेच्या आसपास कैदी होते. सैनिक, खलाशी, अधिकारी आणि त्यांची कुटुंबं मिळून माणसांची संख्या हजाराच्या बरीच वर जात होती. इतिहासात या ताफ्याला ‘फर्स्ट फ्लीट’ म्हणतात. रूस ‘स्कारबरो’ जहाजावर होता. टेनेरिफ, रिओ दि जानेरो, केप टाऊन अशी वळणं घेत आठ महिन्यांनी ताफा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागला, आणि २६ जानेवारी १७८८ ला सिडनीच्या खाडीत उतरला. पुढच्या ऐंशी वर्षांत याच वाटेनं सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियात आले. त्यांच्यातली पहिली तुकडी ही.

या तुकडीची तयारी पाहिली की आजही मन चरकतं. हजारावर माणसं जगाच्या दुसऱ्या टोकाला वसवायची होती, पण शेती जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कैदी बहुतांशी शहरांतले, खिसेकापू, उचले, घरगडी, मोलकरणी. बियाणं प्रवासातल्या उष्म्यानं आणि किडीनं खराब झालेलं. कुदळी-फावडी हलक्या प्रतीची. तिथली लाकडं अशी कठीण, की कुऱ्हाडींच्या धारा बोथट व्हायच्या. आणलेली मोजकी गुरं गुराख्याच्या हलगर्जीपणानं रानात पांगली ती गेलीच. ती सापडली १७९५ मध्ये, कळप वाढलेला आणि पार रानटी झालेला. म्हणजे सुरुवातीला बैल नाही, नांगरट नाही आणि शेणही नाही. शेतकऱ्याच्या पोराला हे वाक्य वाचूनच कळेल, की इथं पुढे काय वाढून ठेवलं होतं.

झालंही तसंच. खाडीकाठची पहिली पेरणी जवळपास वाया गेली. सिडनीपासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, रोझ हिल इथं (आजचं पॅरामाटा) जरा बरी जमीन सापडली. तिथं सरकारी शेत सुरू झालं आणि १७८९ च्या अखेरीस थोडं पीक हाती आलं. पण ते बियाण्यालाच राखून ठेवावं लागलं. इंग्लंडहून धान्य घेऊन निघालेलं ‘गार्डियन’ जहाज वाटेत हिमनगावर आदळलं. वसाहतीचं स्वतःचं मोठं जहाज ‘सिरियस’ मार्च १७९० मध्ये नॉरफोक बेटाच्या खडकांवर फुटलं. शिधा कमी करत करत आठवड्याला अडीच पौंड पीठ, थोडं खारवलेलं डुकराचं मांस आणि दोन पौंड तांदूळ इथपर्यंत आला. गव्हर्नराच्या घरी जेवायला बोलावलेले अधिकारी आपापली भाकरी बरोबर नेत. यजमानाच्या घरीसुद्धा पाहुण्यापुरतं पीठ नव्हतं.

उपासाची ही वेळ येण्याआधीच रूस गव्हर्नर आर्थर फिलिप यांच्याकडे गेला होता. जुलै १७८९ मध्ये त्यानं सांगितलं, माझी सात वर्षं भरली, मी आता मोकळा आहे. हिशेब त्याचा बरोबर होता. पण कुणाची शिक्षा कधी संपते याचे कागद इंग्लंडहून ताफ्याबरोबर आलेच नव्हते! माणसं आली, बेड्या आल्या, कागद मागे राहिले. ज्याच्या नावावर गुन्हा लिहिलाय त्याला आपली सुटका सिद्ध करता येत नाही, ही अवस्था आपल्याकडे कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल. रूस नुसती सुटका मागून थांबला नाही. त्यानं जमीन मागितली. म्हणाला, मी शेतात वाढलोय, मला कसू द्या.

फिलिप विचारी माणूस होता. एका कुटुंबाला या मातीत स्वतःच्या पायावर उभं राहायला किती काळ लागतो, हे त्याला काहीही करून जाणून घ्यायचं होतं. सगळ्या वसाहतीचं भवितव्य त्या उत्तरावर अवलंबून होतं. नोव्हेंबर १७८९ मध्ये त्यानं रूसला पॅरामाट्याजवळ जमीन कसायला दिली. थोडी जागा साफ करून दिली, एक झोपडी बांधून दिली, अवजारं, बियाणं, काही डुकरं-कोंबड्या दिल्या आणि सांगितलं, मेहनत दिसली तर तीस एकर तुझ्या नावावर करीन. या तुकड्याचं नावच पडलं ‘एक्स्पेरिमेंट फार्म’, म्हणजे प्रयोगाचं शेत.

इथं थोडं थांबायला हवं. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. नदीकाठचा हा भाग दारुग लोकांतल्या बुरामाटागल कुळाचा होता. पॅरामाटा हे नावही त्यांच्याच शब्दावरून आलेलं. फिलिपनं ती रूसला दिली त्याच वर्षी, एप्रिल १७८९ पासून, सिडनीच्या आसपासच्या मूळ रहिवाशांत देवीची साथ पसरली होती. खाड्यांच्या काठावर, खडकांच्या कपारींत प्रेतं पडली होती. निम्मी माणसं गेली असावीत, असा खुद्द फिलिपचा अंदाज होता. ज्यांची जमीन होती त्यांना कुणी विचारलं नाही आणि विचारायला त्यांतले निम्मे उरले नव्हते. रूसची कहाणी मला मनापासून भावते. तरी ही गोष्ट बाजूला ठेवून ती सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आता शेताकडे. नोव्हेंबर १७९० मध्ये वॉटकिन टेंच नावाचा एक सैनिकी अधिकारी रूसच्या शेतावर गेला आणि त्यानं रूसला विचारून विचारून त्याची पद्धत लिहून घेतली. म्हणून आपल्याला ती इतक्या बारकाव्यानं ठाऊक आहे. दीड एकर कुसळांचा गहू, अर्धा एकर मका आणि एक छोटा परसमळा. एवढा तो सगळा पसारा.

रूसनं आधी पाडलेली झाडं जागेवरच जाळली आणि राख मातीत खणून मिसळली. कोकणातला माणूस लगेच म्हणेल, हा तर राब! मग त्यानं कुदळीनं जमीन खणायला घेतली. दिवसाला आठ किंवा फार तर नऊ रॉड, म्हणजे आपल्या मापानं दोन-सव्वादोन गुंठे, त्याहून जास्त नाही. सरकारी शेतावर कैदी मोजून दिलेलं काम उरकण्यासाठी जमीन नुसती वरवर खरवडत होते. रूस खोल जात होता. वर आलेलं गवत आणि तण तो मातीतच गाडत होता. ढेकळं फोडायची, माती पालथी करायची आणि मग तिला ऊन-वारा खाऊ द्यायचा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात नांगरट करून जमीन तापत ठेवतात, तसंच. पेरणीच्या तोंडावर तीच जमीन पुन्हा एकदा वरखाली करायची. बी त्यानं फोकून पेरलं. पीक काढल्यावर उरणारा पेंढा फेकायचा नाही. खड्डे खणून त्यात तो टाकायचा, वर काडीकचरा घालायचा आणि कुजू द्यायचा, असा त्याचा बेत होता. शेण नव्हतं, म्हणून त्यानं खत स्वतः बनवायचं ठरवलं.

दोन गुंठे रोज. दीड एकर म्हणजे साठ गुंठे. नुसती पहिली खणणीच महिनाभराची झाली, तीही हातानं आणि अर्ध्या पोटी. सुरुवातीला सरकारनं मदतीला एक कैदी दिला होता, तो काढून घेतल्यावर उरली फक्त बायको. तिचं नाव एलिझाबेथ पेरी. तीही कैदी, जून १७९० मध्ये ‘लेडी जुलियाना’ या बायकांच्या जहाजातून आलेली. ५ सप्टेंबर १७९० ला दोघांनी लग्न केलं होतं. टेंच आला तेव्हा संसाराला जेमतेम अडीच महिने झाले होते आणि ती नवऱ्याबरोबर शेतात राबत होती.

रूसनं टेंचला फुशारकीचं काही सांगितलं नाही. तीन बुशेल गहू पेरलाय, म्हणजे ऐंशी किलोच्या आसपास, आणि बारा-तेरा बुशेल येईल अशी आशा आहे. पेरल्याच्या चौपट. त्या वर्षी पाऊस रुसला होता. माझी जमीन मध्यम आहे, फार चांगली नाही की वाईट नाही, असं त्याचं मत होतं. खत घातलं तर हिच्यातून काढून दाखवीन, पण गुरं आली नाहीत तर ही थकेल, हेही त्यानं तेव्हाच सांगितलं. या वाक्यांत मला अस्सल शेतकरी भेटतो. जमिनीचा स्वभाव त्याला एका वर्षात कळला होता आणि ती आज काय देईल, उद्या कशानं खचेल, हे तो एका दमात सांगत होता.

आणि मग त्यानं आपली सर्वांत मोठी अडचण सांगितली: चोर. कितीही राखण केली तरी कैदी जवळजवळ रोज रात्री येऊन माझं लुटतात, असं त्याचं गाऱ्हाणं होतं. आठ वर्षांपूर्वी जो दुसऱ्याच्या घरात घुसला म्हणून इथवर आला, तो आता रात्रभर आपल्या मक्याच्या कणसांवर डोळे लावून बसत होता. चोरणारे कोण, तर त्याच्यासारखेच भुकेले. त्यांना त्या वर्षी चोरीपायी फटके बसत होते, तरी त्यांचं पोट त्यांना अंधारात शेताकडे ओढत होतं. रूसला त्या भुकेची ओळख नसेल, असं मला वाटत नाही. पण उभ्या पिकाच्या धन्याला रात्री झोप लागत नाही, हेही तितकंच खरं.

फेब्रुवारी १७९१ मध्ये रूसनं कळवलं, की मला आता सरकारी कोठारातला शिधा नको, माझं मी भागवतो. प्रयोग सुरू होऊन पंधरा महिने झाले होते. फिलिपला त्याचं उत्तर मिळालं. दिलेल्या शब्दाला जागून त्यानं त्याच वर्षी तीस एकर जमीन रूसच्या नावावर केली. न्यू साउथ वेल्समध्ये कुणालाही दिलेलं हे पहिलं जमीनदान. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑस्ट्रेलियातला पहिला सातबारा निघाला तो एका घरफोड्याच्या नावावर.

समुद्रापार हाकललेल्या कैद्यानं परक्या मातीत पीक काढावं, असं आपल्याकडेही घडलेलं आहे, उलट्या दिशेनं. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर-पिनांगकडच्या इंग्रजी वसाहतींतून चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात आणले जात. त्यांना महाबळेश्वरच्या थंडीत ठेवलं होतं. तिथं त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले आणि त्यांची लागवड आसपासच्या लोकांनी त्यांच्याकडून उचलली. आपण महाबळेश्वरच्या बाजारात ताज्या भाजीच्या जुड्या विकत घेतो तेव्हा त्यामागे कुणा कैद्याचे हात असतील, हे मनातही येत नाही. त्या माणसांची नावं मात्र कुणी जपली नाहीत. रूस त्या बाबतीत नशीबवान.

नशीब तेवढंच. ऑक्टोबर १७९३ मध्ये, सातबारा हाती येऊन तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, रूसनं ही जमीन चाळीस पौंडांना विकली. घेणारा होता न्यू साउथ वेल्स पलटणीचा डॉक्टर, जॉन हॅरिस. आलेला पैसा रूसनं लवकरच उडवला, अशी नोंद त्या वेळचे न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स यांनी करून ठेवली आहे. असेलही. पण फक्त उधळेपणावर बोट ठेवून ही गोष्ट उलगडत नाही. फिलिप १७९२ च्या डिसेंबरात मायदेशी परतला आणि कारभार पलटणीच्या अधिकाऱ्यांच्या हाती आला. बंदरात येणारा माल तेच घाऊक उचलत आणि चढ्या भावानं विकत. मजुरी दारूत चुकवली जाई, देणी दारूत फिटत. छोट्या शेतकऱ्याला बियाणं उधारीवर, कपडा उधारीवर, आणि पीक आलं की ते सावकाराच्या दारात. अशा बाजारात तीस एकरांचा धनी किती वर्षं टिकेल, हे मराठी वाचकाला आकडे देऊन पटवायची गरज नाही.

जानेवारी १७९४ मध्ये रूस पुन्हा शून्यावर आला आणि पुन्हा उठला. हॉक्सबरी नदीच्या गाळाच्या काठावर बावीस जणांना जमिनी मिळाल्या, त्यांतला तो एक. त्याचा तुकडा नदी आणि साउथ क्रीक यांच्या संगमावर होता. माती काळीभोर, पण नदी बेभरवशाची. महापूर यायचे आणि उभं पीक, गुरं, घरं सगळं धुऊन न्यायचे. याच काठावर दारुग लोकांचे रताळ्यासारखे रानकंद उगवत. वसाहतीच्या मक्यानं ते उखडले. मग त्या लोकांनी मक्याची कणसं नेली आणि त्यावरून गोळ्या झडल्या. या काठावरची चकमक वर्षानुवर्षं चालली.

पुढचं सगळं उताराचं. कर्ज, विक्री, नवा तुकडा, पुन्हा विक्री. १८०९ मध्ये बँक्सटाउनजवळ शंभर एकर मिळाले, तेही शेवटपर्यंत राहिले नाहीत. १८२८ मध्ये, वयाच्या सत्तरीला टेकलेला हा माणूस लोअर मिंटो इथं दुसऱ्याच्या जमिनीवर मुकादम होता. ज्याच्या नावावर या देशातला पहिला सातबारा निघाला, तो म्हातारपणी परक्याच्या बांधावर उभा राहून मजुरांवर देखरेख करत होता.

५ सप्टेंबर १८३७ ला तो गेला. लग्नाचीही तारीख तीच होती, सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची. कॅम्पबेलटाउनच्या सेंट जॉन्स दफनभूमीत त्याला पुरलं. थडग्याच्या दगडावरचा बराच मजकूर त्यानं जिवंतपणीच स्वतःच्या हातानं कोरला होता, असं सांगतात, आणि तो मजकूर वाचला की ते पटतं. अक्षरं बोलीत जशी तोंडातून निघतात तशी कोरलेली. ‘फर्स्ट’चं झालंय ‘फोर्स्ट’, ‘कॉर्नवॉल’चं ‘कॉर्नवेल’. शाळा फारशी न पाहिलेल्या हातानं छिन्नी धरली की असं होतं. घड्याळांचा उल्लेख नाही, खटल्याचा नाही, बेड्यांचा नाही. आईनं मला मायेनं वाढवलं, माझ्यासाठी कष्ट घेतले, आणि या वसाहतीत आल्यावर पहिलं धान्य मी पेरलं, एवढंच तो सांगतो. काटेकोर पाहिलं तर पहिलं धान्य त्याचं नव्हतं, सरकारी शेतावर आधी पेरलं गेलं होतं. पण स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या कुदळीनं पेरून, त्यावर स्वतः जगून दाखवणारा पहिला तोच. दगडावर कोरायला त्यानं आपल्या सगळ्या आयुष्यातून ही एक गोष्ट निवडली, आणि तो अधिकार त्याचा होता.

सिडनीत त्याच्या नावाची एक शाळा आहे, जेम्स रूस ॲग्रिकल्चरल हायस्कूल. १९५९ मध्ये सुरू झालेली ही सरकारी शाळा अभ्यासात फार नावाजलेली आहे. प्रवेशपरीक्षा अवघड असते, आणि भारतातून तिकडे गेलेल्या आईबापांच्या तोंडी तिचं नाव मुलं लहान असल्यापासून असतं. कृषी हा विषय तिथं आजही शिकवतात.

रूसची जमीन विकत घेणाऱ्या डॉक्टर हॅरिसच्या नावावरून त्या भागाला हॅरिस पार्क म्हणतात. हॅरिस ऑस्ट्रेलियात येण्यापूर्वी आरमाराच्या नोकरीत काही काळ भारतात राहिला होता. त्या जमिनीवर १८३५ च्या सुमारास बांधलेलं पडवीचं बैठं घर अजून उभं आहे. नॅशनल ट्रस्ट ते सांभाळतं. हॅरिस पार्क आज सिडनीचं ‘लिटल इंडिया’ आहे. डोसा, चाट, पानाचं दुकान, साड्या, मसाले, सगळं तिथं मिळतं. मुलांकडे सिडनीला गेलेले आपले आजी-आजोबा संध्याकाळी तिथं हमखास जातात.

तुम्हीही गेलात तर जेवण झाल्यावर थोडं चाला. काही मिनिटांवर एक शांत रस्ता लागेल. त्याच्या पाटीवर लिहिलेलं असेल, रूस स्ट्रीट. ते बैठं घर तिथंच आहे. त्याच्या आसपासची जमीन कुणीतरी रोज दोन गुंठे खणली होती.